धूर बघायला एक माणूस

तुमच्या गाडीतून निघणाऱ्या धुराचा रंग तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

मायलेज तोंडपाठ असेल. विम्याची तारीख, टायरातली हवा, मागच्या काचेवर चिकटवलेलं वाक्य, सगळं ठाऊक असेल. धूर मात्र मागून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. चालवणारा पुढे बघत राहतो आणि आपली गाडी ठणठणीत आहे असं समजतो. धूर नीट बघायचा तर दोन माणसं लागतात. एकानं आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं, आणि माझं घर राहणार की जाणार हे त्या धुराच्या रंगावर ठरायचं होतं.

घर म्हणजे गाडी. एका शाळेनं काढून टाकलेली जुनी डिझेल मिनीबस. आम्ही चौघांनी मिळून ती घेतली, मागच्या सीटा उपटल्या, फळ्यांचे पलंग ठोकले, खिडकीखाली शेगडी बसवली आणि उरलेल्या सगळ्या जागेत कागद भरला. पत्रकं, पुस्तिका, घोषणांच्या पट्ट्या. आठवडी बाजारांतून फिरायचं, पत्रकं वाटायची, लोकांशी भांडायचं, रात्री गाडीतच झोपायचं. लोक तिला घरगाडी म्हणत.

मी वाढलेच पत्रकांत. माझे वडील आयुष्यभर पत्रकं लिहीत, छापून आणत आणि वाटत. अक्षरओळख मला पाटीवर झाली नाही, पाणीपट्टीवाढीच्या निषेधावर झाली. वडिलांचे दोन नियम होते. पहिला, पत्रकाच्या शेवटी मागणं हवंच. वाचणाऱ्यानं उठून काय करायचं ते त्याला स्पष्ट सांगायचं. नाहीतर ते पत्रक नव्हे, वाढदिवसाचा फलक. दुसरा नियम, छापलेला कागद कुणीतरी वाचल्याशिवाय फेकायचा नाही. वडील गेले. त्यांचे नियम मी गाडीत घेऊन आले, आणि बाकीच्या तिघांनीही ते आपले मानले. त्यामुळे आमच्याकडे उरलेली पत्रकं कधी रद्दीत गेली नाहीत. पलंगाखाली, छताला, दाराच्या पोकळीत, जिथे फट दिसेल तिथे गठ्ठे.

मग तिघं एकेक करून उतरले. एकीचं लग्न झालं. एकाला पुण्यात नोकरी लागली. तिसरा परीक्षा पास होऊन सरकारी कचेरीत बसला. आता तो लोकांनी दिलेल्या निवेदनांवर पोच म्हणून शिक्का मारतो. रागावले का? हो, तिघांवरही रागावले. प्रत्येकाला दारात उभं राहून भाषण ऐकवलं. भाषण चांगलं होतं. ऐकून ते गेले. दाराजवळ टॉवेलांसाठी ठोकलेले खिळे अजून आहेत. एकावर माझा टॉवेल असतो. बाकीच्यांवर मी कांद्याची पिशवी आणि हवा भरायच्या पंपाची नळी अडकवते, म्हणजे ते रिकामे दिसत नाहीत.

त्या हिवाळ्यात गाडी उद्यमनगरच्या कारखान्यांत, ओतकामाच्या एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या आवारात उभी असायची. गळीत हंगाम चालू होता. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात आणि सकाळी टपावर बोट फिरवलं की साखर कारखान्यात जळणाऱ्या चिपाडाची काळी राख लागायची. एकटं राहायला ती जागा बरी होती, म्हणजे तिथे कुणी काही विचारत नसे. दिवसभर चहूबाजूंनी लेथ फिरत, हातोडे पडत. संध्याकाळी शटर खाली आली की मी पातेल्यात भात टाकायचे आणि तो शिजल्याचा आवाज ऐकायचे.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते जोतिबाच्या चढावर. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी पहिल्यावरही रडायला लागली. मागे भाविकांच्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एक मोटारसायकलवाला नाकाला रुमाल लावून शेजारून गेला आणि ओरडला, "ओ पावणं! इंजिन गेलं बघा तुमचं! केवढा धूर त्यो!"

मी खिडकीतून डोकं काढलं. "कसला धूर? रंग कसला?"

तोवर तो वळणाआड गेला होता.

रंगाला एवढं महत्त्व का, ते सांगते. डिझेल इंजिन काळा धूर टाकत असेल तर त्याला हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त होतं आहे. ते दुखणं सुधारतं. निळसर धूर म्हणजे आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि इंजिन स्वतःचं ऑइल जाळतं आहे. मग सगळं इंजिन खोलायचं. उद्यमनगरात ते करणारे हात हवे तितके आहेत, माझा त्यांच्यावर अविश्वास नाही. पण इंजिन खोललं की गाडी गॅरेजात पडून राहणार, आणि गाडी गॅरेजात म्हणजे मी कुठे? माझा पलंग इंजिनापासून चार हातांवर आहे.

त्याच सुमारास गडहिंग्लजचा एक माणूस गाडीच्या मागे लागला होता. त्याला ती बाजारात कायमची उभी करून तिचा वडापावचा गाडा करायचा होता. फोनवर तो म्हणाला, "इंजिन गेलं असलं तरी चालतंय की, ताई. आमी काढूनच टाकणार हाय ते. तितं सिलेंडर ठेवायचा."

तितं सिलेंडर ठेवायचा! ज्या इंजिनानं आमचे चार जन्म ओढले तिथे गॅसची टाकी. मी फोन आपटला. पण रात्री झोप आली नाही. वारणानगरच्या एका वसतिगृहात मुलींवर देखरेख करायची नोकरी मला मिळत होती. खोली, जेवण, भिंती. भिंतींचा विचार मनात येणं हीच मला शरणागती वाटली. तरी सकाळी मी त्याला परत फोन केला आणि सांगितलं, "रविवारी या. तोपर्यंत गाडीची तपासणी करते." मनाशी ठरवलं, निळा धूर निघाला तर गाडी द्यायची आणि वारणानगरला जायचं. काळा निघाला तर माणसाला परत पाठवायचं.

तपासणी नेहमीची होती. ठरावीक किलोमीटर झाले की आम्ही चौघं ती करायचोच. गाडी आपली, तर हात आपलेच काळे झाले पाहिजेत, असा आमचा बाणा होता. पण तेव्हा ती जत्रा असायची. एकजण खाली, एकजण वर, एकजण पाने-पकडी देणार आणि एकजण चहा करत सगळ्यांना नावं ठेवणार. आता मी पाना ठेवायचे, तो शोधायचे, आणि सापडला की स्वतःलाच म्हणायचे, "हा बघ इथे."

आमच्या गाडीचं इंजिन आतच आहे, चालकाच्या आणि शेजारच्या सीटच्या मधल्या उंचवट्याखाली. त्यावरचं झाकण उचललं. ऑइलची काडी काढून पुसली, परत बुडवली, पाहिली. पातळी थोडी उतरली होती. ऑइल बोटांत चोळून पाहिलं. काळं होतं, डिझेलचं असतंच, पण कचकच लागली नाही. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, त्याच्या आतल्या बाजूला चिरा नव्हत्या. रेडिएटरच्या नळ्या पिळून पाहिल्या. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत थोडं डिझेल घेतलं आणि उजेडात धरलं. तळाशी पाण्याचा एकच थेंब होता. इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण उलटं करून नुसतं ठेवलं. रिंगा गेल्या असतील तर आतल्या दाबानं ते नाचतं. ते थरथरलं. नाचलं नाही, थरथरलं. थरथरणं किती म्हणजे जास्त, हे सांगायला शेजारी कुणीतरी लागतं. पूर्वी यावर आमची अर्धा तास भांडणं झाली असती.

शेवटी एअर फिल्टर. डबा उघडला आणि मला बरं वाटलं. फिल्टर स्वच्छ होता. जवळजवळ नवा. याचा अर्थ हवा व्यवस्थित येते आहे, असं मी समजले, आणि लगेच पुढचं लक्षात आलं. हवा व्यवस्थित असेल तर दुखणं रिंगांचंच.

उरला धूर. आरशात बघायचा प्रयत्न केला. सायलेन्सरचं तोंड मागच्या चाकाच्या आत, खाली आहे, आरशात नुसता फौंड्रीचा गंजका दरवाजा दिसायचा. मग मोबाईल एका विटेला टेकवून मागे ठेवला, व्हिडिओ सुरू केला, धावत जाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला, धावत परत आले. पडद्यावर काहीतरी राखाडी हललं. पुन्हा केलं. पुन्हा राखाडी. उजेड बदलला की त्याच धुराला निळी झाक यायची. मी पायरीवर बसून स्वतःच्या धुराचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. बघता बघता वाटलं, हा कुणाला तरी पाठवावा. तिघांचेही नंबर होते. कुणालाच पाठवला नाही.

"फिलम काढतीस व्हय गं धुराची?"

समोरच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज आला. तिथे सगळे जिला चाची म्हणतात ती बाई गाड्यांच्या सीटा शिवते. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, तोंडात सुतळी. महिनोन्‌महिने आम्ही समोरासमोर होतो आणि बोलत नव्हतो. कारण क्षुल्लक होतं. पहिल्याच दिवशी मी तिला पत्रक दिलं होतं, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृहं मागणारं. दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं ते कातरून सीटच्या उशीचा नमुना बेतला होता. मी विचारलं, "वाचलंत तरी का?" ती म्हणाली, "वाचायला चष्मा लागतो. कापायला लागत न्हाई." झालं. मी पाय आपटत निघून आले आणि तिच्या शेडकडे पाठ करून बसायला लागले.

"मगाधरनं बघतोय," ती म्हणाली. "पळतीस काय, भुर्र करतीस काय, परत पळतीस काय. भूत लागल्यागत."

"धूर बघायचाय," मी म्हटलं. "एकटीला बघता येत नाही."

एवढं एक वाक्य उच्चारायला मला किती जड गेलं, ते मी पत्रकात लिहिलं नसतं.

"मग हाक मारायला जीभ झिजती व्हय? बघतो की मी."

"बघायचं मला आहे, चाची. तुम्ही आत बसून पाय दाबायचा."

तिनं तोंडातली सुतळी काढली. "मी? डायवरच्या जागंवर?"

"हो."

"आगं, या हातानं डायवरच्या किती सीटा शिवल्या, मोजल्या न्हाईत. बसलो न्हाई एकीवर बी." ती कपडे झटकत उठली. पायरी चढताना कमरेवर हात ठेवून थांबली, आत डोकावून सगळं पाहून घेतलं. खिळ्यावरचे कांदे पाहिले, एकच ताट पाहिलं. मग सीटवर बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "ही सीट कुनी शिवलीया? त्येचा हात मोडला पायजे."

मी तिला पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. गिअर मोकळा असल्याची दोनदा खात्री केली. मागे जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "दाबा!"

इंजिन असं किंचाळलं की पलीकडच्या लेथवरचा माणूस बाहेर आला. "हळू, चाची! हळू!"

"आगं, लई गोड लागतंय पायाला!" आतून हसणं ऐकू आलं. लेथवाला म्हणाला, "काय चाची, पंढरीला न्हेतीस का काय गाडी?" चाची म्हणाली, "तुला सोडून समद्यास्नी न्हेतो, जा काम कर!"

आणि मी धुराकडे बघत होते. काळा. जाड, कोरडा, कोळशासारखा काळा. निळ्याचा मागमूस नाही. तरी खात्री पटेना. आमची एक जुनी रीत होती. पत्रकाची कोरी बाजू सायलेन्सरसमोर धरायची. इंजिन ऑइल जाळत असेल तर कागदावर भजी बांधल्यासारखे पारदर्शक डाग पडतात. नुसती काजळी असेल तर ती कोरडी असते, फुंकरीनं उडते. मी कागद धरला. "दाबा! आता हळू!" कागद काळा झाला. मी फुंकर मारली आणि अर्धी काजळी माझ्याच तोंडावर आली. उजेडाकडे धरला. तेलाचा एक डाग नव्हता.

मी तिथेच उकिडवी बसले. चाची उतरून आली. "रडतीस का? काय मेलं का इंजिन?"

"मेलं नाही. श्वास कोंडलाय."

"मग मोकळा कर की. बसलीस काय."

हवा कमी पडत होती. पण फिल्टर तर स्वच्छ होता. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गळीत हंगामात, या राखेत, उद्यमनगरच्या धुळीत, जोतिबाला उधळलेल्या गुलालात फिरलेल्या गाडीचा फिल्टर स्वच्छ असेलच कसा? तो मळायला आधी त्याच्यापर्यंत हवा पोचायला हवी ना! मी त्याच्या स्वच्छपणावर खूश झाले होते.

हवेच्या नळीचं तोंड इंजिनाच्या उंचवट्याच्या खाली, पुढच्या जाळीजवळ असतं. तिथे सहज हात जात नाही म्हणून आम्ही कधी घातला नव्हता. मी आडवी झाले, खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी मऊ, चिकट लागलं. ओढलं. कागद होता. आणखी ओढला, आणखी एक. उष्णतेनं पिवळे पडलेले, तेलकट धुळीनं एकमेकांना चिकटलेले कागद. पत्रकं. आमचीच.

इंजिनाचा आवाज आणि ऊब कमी लागावी म्हणून आम्ही उंचवट्याच्या कडेनं पत्रकांचे गठ्ठे दाबून बसवले होते. कागद फेकायचा नाही, आणि आवाज तर अडवायचा. दोन्ही साधलं म्हणून तेव्हा आम्ही स्वतःवर खूश होतो. गठ्ठ्याची सुतळी उष्णतेनं तुटली असणार, कागद फटीतून घसरत खाली गेले असणार, आणि इंजिनानं श्वास घेताना त्यांना नळीच्या तोंडावर ओढून धरलं असणार. जगात दुसऱ्या कुणाच्या गाडीला हा आजार झाला नसता.

सगळ्यात वरच्या पत्रकावरची एकच ओळ शाबूत होती. कुठल्या सभेची, ते कळत नव्हतं. "तरी आपण सर्वांनी जरूर यावे, ही विनंती."

चाचीनं तो कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. सावकाश वाचला. मग म्हणाली, "कुटं यायचं लिवलंय?"

"फाटलंय ते."

"मग कसं येणार मानूस?"

मी तो कागद तिच्याकडून घेतला आणि बाकीच्यांवर ठेवला.

नळी पुसली, तिच्या तोंडावर जाळी बसवली, गठ्ठे काढून पलंगाखाली ठेवले. फेकले अजूनही नाहीत. चाची पुन्हा डायवरच्या जागेवर चढली, यावेळी न विचारता. मी मागे उभी राहिले. एक काळा भपका आला, साचलेला. मग दुसरा, फिका. मग नुसती हवा, उन्हात थरथरणारी.

संध्याकाळी गडहिंग्लजच्या माणसाला फोन केला. "गाडी देणार नाही."

"इंजिन बरं झालं व्हय?"

"इंजिनाला काही झालंच नव्हतं."

"बघा बाई. एकटीला गाडी झेपत न्हाई. आज ना उद्या द्यायचीच हाय."

मी फोन आपटला नाही. तो म्हणत होता त्यात निम्मं खरं होतं. त्या रात्री गाडीत मी नेहमीसारखीच एकटी होते. भात शिजल्याचा आवाज तोच होता. वारणानगरला नकार कळवला तेव्हा तिथल्या बाईंनी कारण विचारलं, आणि "हवा मिळाली" असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

बाजारादिवशी सकाळी मी गडहिंग्लजला जायला निघाले. चाचीला म्हटलं, "चला की. पुढची सीट रिकामी आहे."

"आन्‌ दुकान? तुझं पत्रक बघनार व्हय?" ती म्हणाली. पण आवारातून गाडी बाहेर काढली तेव्हा ती मागोमाग रस्त्यापर्यंत आली. मी पहिला गिअर टाकला. आरशात ती भर रस्त्यात उभी होती, मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला एका हातानं थांबवत, माझ्या सायलेन्सरकडे वाकून बघत. ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता. तिनं दोन्ही हात वर केले, पंजे हलवले आणि ओरडली, "न्हाई! काय बी न्हाई!"

कागलच्या पुढे शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत मी बराच वेळ चालवत होते. ती रिकामीच होती. गाडी मात्र चढ न रडता चढली.

आता मागणं. वडिलांचा नियम आहे.

उद्या सकाळी गाडी सुरू कराल तेव्हा एकट्यानं निघून जाऊ नका. ज्याच्याशी बरेच दिवस बोलला नाहीत असा एक शेजारी गाठा, त्याला तुमच्या जागेवर बसवा, पाय कुठे ठेवायचा ते दाखवा, आणि स्वतः मागे जाऊन उभे राहा. धूर कुठल्याही रंगाचा निघो, त्याला चहा पाजा. आणि रस्त्यात कुणी एकटंच झाकण उघडून इंजिनात वाकलेलं दिसलं, तर इंजिन गेल्याचं ओरडून वळणाआड जाऊ नका. थांबा, आणि रंग सांगा.